रविवार कोणाचा?

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास कामाची सिद्धता ठेवावी, असे प्रतिपादन केले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा आकडा नव्वदावर गेला. घरी बसून पत्नीचे तोंड किती वेळ पाहणार, अशी पृच्छाही त्यांनी केली. पहिल्या विधानामागे राष्ट्राविषयीची कळकळ होती, हे मान्य करू. दुसऱ्यामागे काय होते, ते ज्याचे त्याने ठरवावे. परंतु आपल्यातीलच काही सुजाण मंडळी या विधानांना ‘कर्मयोग’ म्हणत माना डोलावू लागतात, तेव्हा गप्प बसणे अवघड होते.

हिशोब साधा आहे. सत्तर तास म्हणजे सहा दिवस रोज जवळजवळ पावणेबारा तास. हिंजवडीला जाण्यायेण्याचे दोन तास धरले, तर चौदा तास घराबाहेर. उरलेल्या दहा तासांत झोप, स्नान, भोजन. मग मुलाचा अभ्यास, आईचे औषधपाणी, सायंशाखा, वस्तीतील संस्कारवर्ग कोठे बसवायचे? कुटुंब हा हिंदू समाजाचा कणा, असे आपण व्यासपीठांवरून सांगतो आणि शाखेत तरुण दिसत नाहीत म्हणून बैठकीत चिंता करतो. ते तरुण त्या वेळी कोठे असतात, हे एकदा विचारून पाहावे.

महायुद्धोत्तर जर्मनी व जपान यांचा दाखला मूर्ती यांनी दिला होता. दाखला अर्धाच आहे. पश्चिम जर्मनीत १९५६ मध्ये कामगार संघटनांनी चाळीस तासांच्या, पाच दिवसांच्या आठवड्यासाठी मोहीम उघडली. भित्तिपत्रकावरील लहान मूल शनिवारी आपल्या बाबांवर हक्क सांगत होते. जपानने अतिश्रमाने ओढवणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ असा स्वतंत्र शब्दच घडवला आणि २०१४ मध्ये ते मृत्यू रोखण्यासाठी त्याला कायदा करावा लागला.

आता गीतेविषयी. फलाची आसक्ती सोडण्याचा उपदेश कर्म करणाऱ्याला आहे. दुसऱ्याच्या कर्मफलावर मालकाने खुशाल आसक्ती ठेवावी, असे त्यात कोठेही नाही. निष्काम कर्म म्हणजे जादा तासांचे पैसे न मागणे, हा अर्थ एकाही भाष्यकाराला सुचला नव्हता. तो वातानुकूलित प्रशिक्षणवर्गांत सुचला. (सरकारी कचेरीत अकराला येऊन चारला छत्री शोधणाऱ्यांचे समर्थन येथे नाही, हेही सांगून ठेवतो.)

माणसाला ‘संसाधन’ म्हणणारी ही दृष्टी आपली नव्हेच. संसाधन म्हणजे कोळसा, खनिज, पाणी. आमचा शेतकरी बैलालाही तसे मानत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याची खांदेमळणी होते आणि पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. खंडेनवमीला कारखान्यात यंत्राला हळदकुंकू वाहिले जाते. यंत्राला जो मान, तो ते चालवणाऱ्याला का नसावा?

साप्ताहिक सुटी ही इंग्रजांची कृपा, हाही एक गैरसमज. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून झगडून मागितली आणि १० जून १८९० रोजी मिळवली. रविवार हा खंडोबाचा वार! तो आता नव्वद तासांच्या चरणी वाहायचा काय?

लाल बावट्याचा वर्गसंघर्ष आपण नाकारला, ते योग्यच होते. पण म्हणून मालकाची तळी उचलणे हा त्यावरील पर्याय नव्हता. आर्वीच्या दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी, लोकमान्यांच्या जयंतीदिनी, भोपाळला भारतीय मजदूर संघ स्थापन केला. राष्ट्रहितासाठी काम करू, ही त्याच्या घोषणेची एक बाजू, आणि कामाचा पुरेपूर दाम घेऊ, ही दुसरी. पहिली बाजू आपल्या उद्योजक मित्रांना तोंडपाठ असते. दुसरीशी आली की स्मरणशक्ती दगा देते.

केवळ उद्योजकांनाच का बोलावे? ध्येयवादाने चालणाऱ्या आपल्या शाळा, पतसंस्था, रुग्णालये यांतही ‘सेवाभाव’ हा शब्द पुष्कळदा वेतनपत्रकाच्या जागी वापरला जातो. पूर्णवेळ सेवाव्रत स्वेच्छेने पत्करणारा कार्यकर्ता वेगळा आणि संसार चालवण्यासाठी नोकरीला आलेली शिक्षिका वेगळी. तिला रविवारच्या कार्यक्रमाला ‘आपलेच काम’ म्हणून बोलावताना तिच्या घरी त्या दिवशी कोण आजारी आहे, हे कार्यकारिणीतील किती जणांना ठाऊक असते?