फ्लॅश बंद करा हो!

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचा ८६वा मजला. जमिनीपासून ३२० मीटर उंच, चहूबाजूंनी उघडी गच्ची. रात्री खाली अख्खं मॅनहॅटन लखलखत असतं आणि लोक काय करतात? फ्लॅश मारतात!

अरे, त्या इवल्याशा फ्लॅशचा उजेड चार-पाच मीटर पोचला तरी खूप. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, शाळेत शिकलोय ना आपण? क्रायस्लर बिल्डिंग तिथून जवळजवळ किलोमीटरभर लांब आहे राव! उजळतो तो फक्त समोरचा कठडा. १०२व्या मजल्यावर तर काच आहे, तिथे शहराऐवजी तुमचाच फ्लॅश फोटोत येतो. शिवाय अंधाराला सरावलेले शेजाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. तिकिटाचे पैसे त्यानेही मोजलेत.

ट्रायपॉड नेऊ देत नाहीत, मान्य. मग कॅमेरा कठड्यावर टेकवा, आयएसओ कमी ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. मोबाईल असेल तर नाइट मोड आहेच.

"पण आमचा चेहरा दिसायला नको का?" दिसेल की, पांढराफटक! आणि मागे काळा पडदा. तसाच फोटो हवा असेल तर ८६ मजले चढायचे कशाला? घरच्या गच्चीत काढा.