रमाईंची लेकरे आणि आपल्या वस्तीतली लेकरे

माता रमाईंना पाच अपत्ये झाली. त्यांतले यशवंतराव तेवढे जगले. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे बालपणीच गेली. राजरत्न गेला १९२६ साली. पुढे दोनच वर्षांनी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि तो भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९२९ साली तसा कायदा झाला.

हे आज आठवण्याचे कारण नांदेड. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. रुग्ण दुरून, अत्यवस्थ होऊन येतात, असे सांगण्यात आले. ते मान्य केले तरी प्रश्न उरतोच : ते वेळेवर का पोचत नाहीत ?

किनवट-माहूरपासून नांदेड शंभरावर किलोमीटर. जळकोट-देवणीच्या तांड्यांना लातूरही असेच लांब. उशीर तीन ठिकाणी होतो : घरात निर्णय घ्यायला, वाटेत गाडी मिळायला आणि दवाखान्यात डॉक्टर व रक्त मिळायला. पहिला उशीर आपला आहे. "आमची बाळंतपणं घरीच झाली," असे सासूबाई म्हणतात, घरधनी ऊसतोडीवर असतो, हाती पैसा नसतो आणि सकाळची रात्र होते. पुढचे दोन उशीर शासनाचे आहेत. त्यांचा जाब संघटित होऊनच विचारला पाहिजे.

पैशासाठी तर थांबूच नये. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळावरचे उपचारही वर्षभर मोफत आहेत. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. जननी सुरक्षा योजनेचे पैसे मात्र कागदावर अडतात. अर्ज भरून देताना आम्हाला नेहमी दिसते, की आधार कार्डावर माहेरचे नाव आणि बँकेत सासरचे. सातवा महिना लागण्याआधीच हे जुळवून घ्यावे.

आमची एक सूचना आहे. प्रत्येक बुद्धविहाराच्या फळ्यावर १०२, १०८, आशाताई आणि गावातल्या दोन जीपवाल्यांचे क्रमांक लिहावेत. पौर्णिमेच्या वंदनेनंतर महिला मंडळाने कोणाचे दिवस भरत आले याची चौकशी करावी. बाळ घरी आल्यावरही आशाताई बेचाळीस दिवसांपर्यंत पाहायला येतात, त्यांना दाखवावे. बाळ दूध ओढेना, अंग गार पडले, तर अंगारे-धुपारे न करता त्याला आईच्या छातीशी उबेत धरून तडक दवाखाना गाठावा.

७ फेब्रुवारीला आपण रमाईंची जयंती साजरी करतो. प्रतिमेला हार घालताना, यंदा आपल्या वस्तीतले एकही लेकरू वाटेत गेले नाही, एवढे आपल्याला सांगता आले पाहिजे.

जय भीम !