विझलेल्या दिव्याची साक्ष

गेल्या वर्षी महावीर जयंतीची मिरवणूक आटोपून आमचा जुना फार्गो ट्रक दिवेलागणीला चित्ररथासह परतत होता. चौकात तो थांबला आणि मागून येणारा स्कूटरस्वार त्यावर आदळता आदळता वाचला. स्कूटरवर पुढे उभी असलेली त्याची मुलगी खाली पडली. गुडघा खरचटण्यावर निभावले. आम्ही सर्वांनी त्यालाच बोल लावले. तो म्हणाला, “ब्रेक लागला तेव्हा दिवा पेटायच्या ऐवजी विझला हो!” या बोलण्यावर काही जण हसलेही.

हा ट्रक आमच्या आडतीत वडिलांच्या काळापासून आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन घराण्यात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. क्रायस्लर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने तिच्या कुर्ला येथील कारखान्यात असे ट्रक तयार होत. त्यामुळे या वाहनाविषयी घरात ममत्व आहे. परंतु ममत्व म्हणजे निगा नव्हे, हे आम्हांला उशिरा उमगले.

यंदा मिरवणुकीपूर्वी ट्रक तपासावयास घेतला. पुतण्याला ब्रेकवर बसवून मी मागे उभा राहिलो. टेल लाइट चालू केले; दोन्ही दिवे लागले. ब्रेक दाबताच उजवा दिवा प्रखर झाला आणि डावा चक्क विझला. टेल लाइट बंद करून डावा इंडिकेटर लावला, तर डावा दिवा मिणमिणला आणि त्याच्या तालावर उजवा टेल लाइटही मंद लुकलुकू लागला. गेल्या वर्षी उजवा दिवा चित्ररथाच्या झालरीआड गेला होता. म्हणजे त्या गृहस्थाने जे पाहिले तेच सांगितले होते.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकी धाटणीच्या अनेक जुन्या ट्रकांत मागच्या बल्बमध्ये दोन तंतू असतात. मंद तंतू टेल लाइटसाठी. प्रखर तंतू ब्रेक आणि इंडिकेटर या दोहोंसाठी. दोन्ही तंतूंतील प्रवाह परतण्याची वाट एकच असते: दिव्याचे धातूचे कवच आणि त्यातून चासी. कारागीर हिला अर्थ म्हणतात. गंजाने ही वाट तुटली की मंद तंतूतील प्रवाह प्रखर तंतूत शिरतो आणि ब्रेकच्या तारेने उजव्या दिव्याकडे जाऊन तिथून परततो. दिवा किंचित मंद, पण लागलेला दिसतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. ब्रेक दाबला की दोन्ही तंतूंना बॅटरीचा सारखाच दाब मिळतो. प्रवाहाला जायला जागाच उरत नाही आणि दिवा विझतो.

ज्यांच्याकडे असे जुने वाहन आहे, त्यांनी पुढील क्रम ध्यानी ठेवावा. प्रथम काही न उघडता कोणता दिवा केव्हा लागतो व केव्हा लागत नाही, हे कागदावर लिहावे. मग बल्ब काढून तंतू आणि होल्डरमधील गंज पाहावा. त्यानंतर दिव्याच्या कवचापासून चासीच्या स्वच्छ धातूपर्यंत एक तात्पुरती तार जोडावी. दिवा सुधारला तर दोष अर्थचा आहे.

दोन्ही ब्रेक लाइट मुळीच लागत नसतील, तर फ्यूज पाहून ब्रेकच्या स्विचकडे जावे. ब्रेक दाबला असता टेस्ट लॅम्प स्विचच्या दोन्ही टोकांवर लागला पाहिजे. एकाच टोकावर लागत असेल, तर स्विच निकामी समजावा. इंडिकेटर लागतो पण त्याच बाजूचा ब्रेक लाइट लागत नाही, असे असल्यास स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचचे संपर्क तपासावेत. कारण या रचनेत ब्रेकचा प्रवाह त्यातूनच मागे जातो. फ्यूज वारंवार जळत असेल, तर त्याच्या जागी जाड तार कदापि घालू नये. कोठेतरी तार सोलवटून चासीला टेकलेली असते, ती शोधावी; अन्यथा आगीला निमंत्रण मिळते.

आमच्या ट्रकाचा फ्लॅशर व बल्ब पूर्वी दोनदा बदलून झाले होते. पाहिले मात्र कोणी नव्हते. यंदा बॅटरीची तार सोडवून कवचाखालचा गंज पॉलिश पेपरने घासला, चासीपर्यंत स्वतंत्र तार नेऊन डाख लावला, जोडावर ग्रीस चोपडले. अर्ध्या दिवसाचे काम.

ईर्यासमितीत आपण चार हात भूमी पाहून पाऊल टाकावयास शिकतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे. वाहनाची मागची बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून तिथला प्रमाद अधिक घातक. त्याचे फळ मागून येणाऱ्याला भोगावे लागते.

दिवा नीट लागला त्या संध्याकाळी त्या गृहस्थाचे घर शोधून काढले. क्षमावाणीला अजून अवकाश होता, पण थांबणे योग्य वाटले नाही. मी सारे सांगून हात जोडले. ते म्हणाले, “चूक माझीही होती, अंतर ठेवायला हवे होते.” मुलीने मात्र विचारले, “आता विझत नाही ना?” तिला ट्रकापाशी आणून पुतण्याला ब्रेक दाबावयास सांगितले. दोन्ही दिवे लागलेले तिने पाहिले, आणि मगच ती हसली.