अंकांनी लिहिलेले सर्वच संख्या नव्हे

कावेरीकाठच्या कुंभकोणम् येथे श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण गेले; तेथील टाऊन हायस्कुलात त्यांचे शिक्षण झाले. संगणकाची आज्ञावली लिहू लागणाऱ्या विद्यार्थ्यांचा पहिला धडा याच गावापासून सुरू करावा, असे आम्हांस वाटते.

या गावाचा दूरध्वनी संकेतांक ०४३५ आहे. तो पूर्णांक म्हणून साठविण्यास सांगितले, तर संगणक ४३५ एवढेच जपून ठेवतो. आरंभीचे शून्य गळून पडते. पिनकोड ६१२००१ हाही अंकांनीच लिहितात. परंतु दोन पिनकोडांची बेरीज करून कोणते गाव सापडणार? या खुणा आहेत, परिमाणे नव्हेत. म्हणून त्या अक्षरमाला या प्रकारात ठेवावयाच्या. वर्गातील मुलांची संख्या ३७, हा पूर्णांक. एखाद्याची उंची १४२.५ सेंटिमीटर, ही दशांश संख्या. तो आज हजर आहे काय, याचे उत्तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’. हा सत्यासत्य प्रकार.

संगणकाच्या स्मृतीत असतात त्या केवळ ० आणि १ यांच्या रांगा. ०१०००००१ ही रांग पूर्णांक म्हणून वाचली तर ६५ होते. अक्षर म्हणून वाचली तर रोमन लिपीतील पहिले मोठे अक्षर. रांग कशी वाचावयाची, हे तिचा प्रकार ठरवितो.

पुष्कळदा या प्रकारांची नावे पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात. आमच्या मते नावांपूर्वी तीन प्रश्न यावेत: या माहितीवर कोणती क्रिया करावयाची? किती अचूकता हवी? काय गमावले तर चालणार नाही?

काही आज्ञाभाषा प्रकार आपण होऊन ठरवितात. मग नवशिक्याने या खोलात का शिरावे, असा आक्षेप येईल. परंतु भाषेस माहितीचे केवळ रूप दिसते, हेतू दिसत नाही. खाते क्रमांकाच्या आरंभीचे शून्य गळाले, तर यादीत असलेला माणूसही सापडत नाही.

अचूकतेचे उदाहरण रामानुजनांनीच देऊन ठेविले आहे. ‘ई’ या संख्येचा ‘पाय गुणिले ५८ चे वर्गमूळ’ इतका घात घेतला, तर २४५९१२५७७५१.९९९९९९८२… येतात, हे त्यांच्या १९१४ च्या निबंधात आहे. आजच्या संगणकातील नेहमीच्या ६४ द्विअंकी दशांश संख्येत सुमारे १६ सार्थ अंक मावतात. तीत ही संख्या भरली, तर नेमका २४५९१२५७७५२ हा पूर्णांकच उरतो. जो सूक्ष्म फरक या संख्येचे सारे मर्म, तोच नाहीसा होतो. आणि यंत्र त्याची सूचनाही देत नाही.

यंत्र आपण दिलेल्या मापानेच मोजते. ते माप विचारपूर्वक निवडणे, हीच आज्ञावलीची बाराखडी होय.