पन्नाशीच्या अलीकडची मोटार

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत एक दुरुस्ती केली आणि वीस वर्षांहून जुन्या मोटारींच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेले. एप्रिल २०२२ पूर्वी हेच शुल्क अवघे ६०० रुपये होते. या वाढीची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही, कारण जुनी मोटार बाळगणारा मनुष्य एक तर हौशी समजला जातो किंवा चिक्कू. दोघांविषयीही समाजाला सहानुभूती नसते.

याच सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले होते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि व्यापारी कामासाठी न वापरली जाणारी मोटार या वर्गात बसते. तिला ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नंबरपाटी मिळते. पहिल्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुढील नोंदणीस ५,००० रुपये शुल्क पडते. रोजच्या ये-जा करण्यासाठी ती वापरता येत नाही, परंतु प्रदर्शन, रॅली व दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर आणता येते. नियम चांगला आहे. पण ही दोन पत्रके शेजारी ठेवून वाचली म्हणजे चमत्कारिक चित्र दिसते. मोटार पन्नाशीला पोहोचली की ती राष्ट्राचा वारसा. एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत ती उपद्रव. पुढील नोंदणीसाठी वारशाला ५,००० रुपये आणि उपद्रवाला १०,०००!

वीस ते पन्नास या तीस वर्षांत दर पाच वर्षांनी एक याप्रमाणे सहा नूतनीकरणे होतात. आजच्या दराने हे ६०,००० रुपये झाले. राज्याचा पर्यावरण कर निराळा. एवढा पल्ला कोणाची मोटार गाठील? ज्याच्या वाड्यात मोटारखाना आहे, त्याची. संस्थानिकाची रोल्स-रॉइस सुखरूप राहील. कारकुनाच्या दारातली फियाट मात्र वारसा ठरण्याचे वय येण्यापूर्वीच भंगारात जाईल.

येथे या फियाटचा इतिहास ध्यानात घ्यावयास हवा. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन क्रायस्लरच्या मोटारी जुळविल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि त्यातूनच पुढे १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव धारण करणारी १,०८९ सीसीची मोटार आली. तिकडे उत्तरपाड्यास हिंदुस्थान मोटर्सची अँबेसिडर होती. परवान्यांनी उत्पादन बांधलेले, आयात बंद आणि मागणी अफाट, अशा स्थितीत मोटार ही बाजारातून विकत घ्यावयाची वस्तू राहिली नव्हती. ती रांगेत उभे राहून मिळवावयाची वस्तू झाली होती. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. काळाबाजार रोखण्यासाठी १९५९ च्या नियंत्रण आदेशाने नवी मोटार दोन वर्षांच्या आत परस्पर विकण्यावर निर्बंध घातले. वस्तू वापरली की तिची किंमत घटते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते. त्या काळची वापरलेली मोटार मात्र नियंत्रित किमतीहून महाग जाई. टंचाई किमतीचे काय करते हे विद्यार्थ्यांना समजावून देताना मला याहून सोपे उदाहरण अद्याप सापडलेले नाही.

म्हणून ‘त्या काळच्या मोटारी किती दणकट!’ हा जो उसासा हल्ली सर्रास ऐकू येतो, त्यात मला पूर्णपणे सामील होता येत नाही. त्या मोटारी दणकट होत्या हे खरे, पण त्या दशकानुदशके जवळजवळ बदलल्या नाहीत याचे कारण स्पर्धेचा अभाव हे होते. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि दोन-तीन दशकांची मक्तेदारी डळमळू लागली.

आणि गंमत अशी की, पद्मिनी खऱ्या अर्थाने आमच्यासारख्यांची झाली ती त्यानंतरच. गोंदियात मोटार असे ती धानगिरणीच्या किंवा विडीच्या व्यापाऱ्याकडे. नव्वदीच्या दशकात या मंडळींनी नव्या मोटारी घेतल्या, तेव्हा जुन्यांचे भाव उतरले. माझ्या वडिलांनी १९९४ साली एका गिरणीमालकाची १९८५ ची पद्मिनी घेतली. ती आजही आमच्याकडे आहे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग आसन, थंडीत चोक ओढल्यावाचून इंजिन जागे होत नसे. मे महिन्यात नागपूरला निघालो की भंडारा येईपर्यंत पेट्रोलची वाफ होऊन ती एकदा तरी बंद पडायची. मग बॉनेट उघडून पेट्रोलपंपाभोवती ओले फडके गुंडाळायचे आणि झाडाखाली बसायचे. आम्हा भावंडांचा पाढे म्हणण्याचा बराचसा अभ्यास तिरोडा-तुमसर रस्त्याच्या कडेला झाला आहे. डिसेंबरात धान घरात आले की नवेगावबांधची सहल ठरलेली असे. मध्यमवर्गाची जुन्या मोटारीची आठवण ही बहुधा अशी, दुसऱ्या हाताच्या मोटारीची आठवण असते. टंचाईने घडविलेली ही मोटार टंचाई संपल्यावर आमच्या दारात आली.

आता विरुद्ध बाजू. या मोटारींत उत्प्रेरक परिवर्तक नाही. आसनपट्टे, हवेच्या पिशव्या असला प्रकार नाही. दर किलोमीटरमागे त्या नव्या मोटारीपेक्षा कितीतरी अधिक विषारी धूर सोडतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे. त्यानुसार २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदविली गेलेली शेवटची पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून धावेनाशी झाली. एक तरी पद्मिनी जतन करा, अशी विनंती टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. जतन करण्याची मागणी रास्तच होती. तथापि टॅक्सी दिवसभर धावते, श्वास शहराचा कोंडतो, म्हणून वयाची मर्यादाही योग्यच म्हटली पाहिजे.

परंतु युक्तिवाद धावण्याचा असेल तर कर धावण्यावर हवा. जो दुसऱ्याचे नुकसान करतो त्याच्याकडून त्या नुकसानीइतका कर घ्यावा, हे पिगू या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली मांडलेले तत्त्व होय. वर्षाकाठी पाचशे किलोमीटर फिरणारी पद्मिनी आणि रोज शंभर किलोमीटर फिरणारी वीस वर्षांची डिझेल जीप यांना एकाच शुल्काने मोजणे हे त्या तत्त्वात कोठेच बसत नाही. वय हे नुकसानीचे माप नव्हे. ते केवळ कार्यालयाला मोजण्यास सोपे असते.

आणखी एक वर्ग आहे, त्याला हौसेशी देणेघेणे नाही. आमगाव-सालेकशाकडचा एखादा शिक्षक आजही वीस वर्षांची मारुती चालवितो ती आवडीने नव्हे, नवी परवडत नाही म्हणून. म्हातारी आई, दूरचा दवाखाना आणि बेभरवशाची बस यांनी त्याचा निर्णय केलेला असतो. त्याला १०,००० रुपयांचा भुर्दंड पडतो आणि त्या बदल्यात धूर किती कमी होतो, याचा हिशेब कोणी मांडत नाही. त्याची मोटार कसून तपासावी, नापास झाली तर खुशाल रस्त्यावरून काढावी. पण उत्तीर्ण झालेल्या मोटारीला वयाचा दंड कशासाठी?

जर्मनीत तीस वर्षे पूर्ण झालेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारीला १९९७ पासून ‘एच’ अक्षराची पाटी आणि ठरावीक वार्षिक कर अशी सोय आहे. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरील मोटारीला वाहनकर माफ होतो. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघानेही तीस वर्षे हीच मर्यादा मानली आहे. आपण पन्नास वर्षांवर का अडून बसावे? तीस ते पन्नास वर्षांच्या मोटारींचा मधला वर्ग करावा. मूळ स्वरूपाची अट ठेवावी, वर्षाला किलोमीटरची मर्यादा घालावी, मीटर दरवर्षी तपासावा आणि शुल्क व्हिंटेजहून अधिक नसावे. मर्यादा ओलांडील त्याची सवलत रद्द. पहिली मारुती पन्नाशीला पोहोचेल ती २०३३ साली. तोवर किती उरतील?

मोटारींबरोबर जाणारी दुसरी गोष्ट कोणत्याच पत्रकात येत नाही. कार्बुरेटर कानाने जुळविणारे मिस्त्री गोंदियात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले असून त्यांची साठी उलटली आहे. त्यांच्या हाताखाली पोरे आहेत, पण ती संगणक जोडून दोष वाचतात आणि सुटा भाग बदलतात. जुना भाग घासून पुन्हा बसविण्याचे काम त्यांच्याकडे येतच नाही. ‘मूळ स्वरूपात राखलेली’ ही नियमातली अट पाळावयाची तर ती पाळून देणारे हात लागतील. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात या मिस्त्रींना वर्षातून चार आठवडे मानधनावर बोलावण्यास फार मोठी तरतूद लागणार नाही.