कर्ता पुरुष घडवावा लागतो

घरातील पुरुष अकाली गेला की तेरवीच्या दिवशी आप्तेष्ट जमतात, जेवणे उरकतात आणि निघता निघता एखादा वडीलधारा दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो, "आता तूच या घरचा कर्ता पुरुष." बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. परंतु तो संध्याकाळच्या एस.टी.ने आपल्या गावी परततो आणि मुलगा त्या वाक्यासह मागे उरतो. कर्ता म्हणजे काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या समाजात हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या उच्चारले गेले आहे. त्यापुढची जबाबदारी मात्र फार थोड्यांनी उचलली आहे.

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसराचे उदाहरण घेऊ. चांदपूरचा तलाव आणि तेथील हनुमंताचे देवस्थान यांच्या सान्निध्यातील हा धानाचा मुलूख. येथे शेती शिकावी लागते ती बापाच्या मागे चिखलात चालून. पऱ्हे केव्हा टाकायचे, बांधीत पाणी किती ठेवायचे, धुरा फुटला तर तो कसा बांधायचा, सोसायटीचे कर्ज केव्हा फेडायचे, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. कुठे सर्पदंशाने, कुठे अपघाताने, कुठे दारूने, तर कुठे कर्जाच्या ओझ्याखाली बाप जातो, तेव्हा घराचे उत्पन्न तर जातेच. मुलाची शाळाबाहेरची शाळाही त्याच दिवशी बंद पडते. आई रोवणीला जाऊन घर चालवते. मुलाला माया, शिस्त आणि संस्कार ती देतेच. तरीही वयात येणाऱ्या मुलाची नजर एखाद्या पुरुषाचे वागणे शोधत असते आणि ते त्याला कुठेतरी सापडतेच.

कुठे सापडते, हा खरा प्रश्न आहे. पानठेल्यावर बसणारे टोळके त्याला लवकर सामावून घेते. खर्रा, दारू, शिवीगाळ, निवडणुकीच्या दिवसांतील मोटारसायकलची फेरी आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील दांडगाई यांतून पुरुषत्वाची एक खोटी मूर्ती त्याच्यापुढे उभी राहते. सज्जनांनी रिकामी ठेवलेली जागा दुर्जन भरतात, हा समाजाचा जुना अनुभव आहे.

याच विदर्भाच्या मातीत शेणगावी १८७६ साली देबूजी जन्माला आला. त्याचे वडील झिंगराजी दारूपायी गेले, तेव्हा देबू आठ वर्षांचा होता. आईने त्याला दापुऱ्यास माहेरी नेले. मामाच्या घरी त्याने गुरे राखली, नांगर धरला, शेतीची सर्व कामे अंगमेहनतीने शिकून घेतली. सावकाराच्या पाशात मामाची जमीन कशी गेली, तेही त्याने पाहिले. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला, मद्य-मांसाची जातीतील रूढी मोडून, त्याने गोडाधोडाचे जेवण वाढले. बापाला ज्या व्यसनाने नेले, ते मुलाने आपल्या उंबरठ्याबाहेर रोखले. हाच देबू पुढे संत गाडगेबाबा झाला. आजोळच्या आधाराने आणि कष्टाच्या शिस्तीने पोरका मुलगा किती उंच जाऊ शकतो, याचे याहून मोठे प्रमाण कोणते?

दुसरे उदाहरण स्वयंसेवकांच्या परिचयाचे आहे. १९०२ च्या प्लेगमध्ये नागपूरच्या बळीरामपंत हेडगेवार आणि रेवतीबाई यांचे एकाच दिवशी देहावसान झाले. केशव त्या वेळी अवघा तेरा वर्षांचा. घरी दारिद्र्य होते, थोरल्या बंधूंचा स्वभाव तापट होता. परंतु नागपुरातील ज्येष्ठांनी, विशेषतः डॉ. मुंजे यांनी, या मुलाला जवळ केले. १९१० साली केशव वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्यास गेला, त्यामागे अशा माणसांचे पाठबळ होते. १९२५ मध्ये डॉक्टरांनी सुरू केलेल्या कार्यात लहान-थोरांनी रोज एकत्र येण्यावर एवढा भर का, याचा विचार या दृष्टीनेही करावा. मोठ्यांच्या सहवासात, खेळता खेळता, मुलगा शब्द पाळायला, राग आवरायला आणि दुसऱ्यासाठी उभे राहायला शिकतो. ज्याच्या घरी बाप नाही, त्याला या तासाचे मोल सर्वाधिक आहे.

शासन आपल्या परीने मदत करते. २००६ च्या निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे ठरले. त्यातील ३० हजार तातडीने आणि ७० हजार ठेवीच्या रूपाने. एकल पालकांच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे. ही मदत मिळालीच पाहिजे आणि ती मिळवून देण्यासाठी कार्यकर्त्याने तहसीलचे उंबरठे झिजवले पाहिजेत. मात्र धनादेश फी भरू शकतो. मुलाला बांधीवर नेऊ शकत नाही.

ते काम शेजाऱ्याचे, काकाचे, मामाचे, शिक्षकाचे आणि शाखेच्या कार्यकर्त्याचे आहे. प्रत्येक गावाने आपल्या पितृहीन मुलांची नोंद ठेवावी आणि प्रत्येक मुलामागे एक विश्वासू ज्येष्ठ आईच्या संमतीने उभा राहावा. वारसनोंदीच्या वेळी त्याने मुलाला सोबत न्यावे आणि आई, मुलगा व मुलगी या सर्वांची नावे सात-बारावर चढतात की नाही, हे पाहावे. बहिणीचा हक्क राखणे हाही पुरुषार्थच आहे, हे मुलाला त्याच दिवशी उमजेल. रोवणीच्या हंगामात त्याला बांधीवर उभे करावे. पण 'कर्ता' म्हणून त्याची शाळा सोडवणाऱ्यांना ठामपणे अडवावे. दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याच्या घरी जावे. तो चुकला तर चारचौघांत न बोलता एकांतात कान धरावा. हे एका दिवसाचे काम नाही. मिसरूड फुटण्यापासून पहिल्या कमाईपर्यंतची ही आठ-दहा वर्षांची सोबत आहे.

आपल्या परंपरेने गुरूला पित्याचे स्थान दिले, ते केवळ आदरापोटी नव्हे. जन्मदात्यावाचून कोणाचे घडणे अडू नये, अशीच ती व्यवस्था होती. ती आज पुन्हा गावोगाव उभी करावयाची आहे. यापुढे तेरवीला जाऊन "तूच आता कर्ता" म्हणणाऱ्याने "आणि तू कर्ता होईपर्यंत मी आहे" एवढे पुढचे वाक्यही बोलावे, आणि चौदाव्या दिवशी ते पाळावयास आरंभ करावा.