उपेक्षित काकाकुवा

आपल्या महाड-पोलादपूरच्या रानातील राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे. काकाकुवा मात्र ऑस्ट्रेलिया, इंडोनेशिया इकडील पक्षी. येथील रानात त्याचा निभाव लागणे कठीण. म्हणून हेळसांड झालेला काकाकुवा घरी आला, तर त्यास सोडून न देता, २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करून सांभाळावे.

असा पक्षी स्वतःची पिसे उपटतो, किंचाळतो, चावतो. विद्यार्थ्यांनो, त्यास दुष्ट म्हणू नका. आजार किंवा एकटेपणा यांचीच ही लक्षणे बहुधा असतात. प्रथम पशुवैद्यास दाखवावे. केवळ सूर्यफुलाच्या बिया न घालता हळूहळू भाज्या व फळे यांची सवय लावावी. कुरतडावयास लाकूड द्यावे. आपल्याकडील पावसाळ्यात दाण्यांस बुरशी चढते, असे दाणे फेकून द्यावे. रोज ठराविक वेळी जवळ बसावे. तो आपण होऊन येईपर्यंत हात लावू नये.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी धरावी. शिकागोजवळील ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयातील ‘कुकी’ नामक काकाकुवा ८३ वर्षे जगून २०१६ साली मरण पावला. मुलाचा हट्ट दोन महिन्यांचा, पक्ष्याचे आयुष्य दोन पिढ्यांचे! इतका भार ज्यास झेपणार नाही, त्याने दयेच्या भरात पक्षी घरी आणू नये, हेच बरे.